पटावरची पाचवी

माणसानं कुणालाही ‘तुमचं मत काय?’ असं विचारू नये. घरात विचारायची गरजच नसते, तिथं मत आपोआप मिळतं. बाहेर विचारायला गेलं की प्रकरण वाढतं. माझं वाढलं ते असंच.

मी प्राध्यापक भुजंग लोहट. परभणीतल्या एका बी.एड. महाविद्यालयात अध्यापनपद्धती शिकवतो. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही, मला अजून तिथूनच निवृत्त व्हायचंय. पदोन्नतीसाठी एक शोधनिबंध कमी पडत होता आणि डिसेंबरात एका चर्चासत्रात तो वाचायची संधी चालून आली होती. म्हणून मी एक गरीब स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा विषय निवडला: ‘छात्राध्यापकांची दूरशिक्षण व समोरासमोरचे शिक्षण यांविषयीची मते’. छात्राध्यापक म्हणजे मास्तर व्हायला निघालेले विद्यार्थी. त्यांना मोबाइलवर शिकलेलं बरं वाटतं की वर्गात बसून, एवढंच विचारायचं, उत्तरांची बेरीज करायची, खाली ‘निष्कर्ष’ म्हणून दोन ओळी लिहायच्या आणि चहा प्यायला जायचं. यात बिघडण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

बिघडण्यासारखं एवढंच होतं की विचारायला समोर कुणी नव्हतं. आमचे छात्राध्यापक प्रवेशाच्या दिवशी दिसतात, ते मग थेट परीक्षेला. मधल्या काळात ते आहेत यावर आपण श्रद्धा ठेवायची. हजेरीपटावर सगळे रोज असतात, कुणाला साधी सर्दीसुद्धा होत नाही. मी मात्र नेमानं वर्गावर जातो आणि रिकाम्या बाकांसमोर विद्यार्थिकेंद्रित अध्यापनाचं महत्त्व सांगतो. अगदीच रिकाम्या म्हणणं बरोबर नाही. पहिल्या बाकावर राणी असायची.

राणी झरीच्या पुढच्या एका गावची सून. पहाटे स्वयंपाक उरकून फाट्यापर्यंत चालत यायची, मिळेल त्या जीपला लटकून परभणी गाठायची आणि घाम पुसत पहिल्या बाकावर बसायची. वर्गात ती एकटी, त्यामुळे मला शिकवताना इकडंतिकडं बघायचीही सोय नव्हती. त्यात तिला प्रश्न पडायचे. मी एखादी भलीथोरली व्याख्या सांगितली की ती म्हणायची, “सर, हे समदं बराबर हाय, पन लेकराला कसं सांगायचं?” तिथं मी घड्याळाकडं बघायचो. दोन वर्षं ही बाई मला प्रश्न विचारत होती, आणि खरं सांगतो, तिच्यामुळंच मला मी मास्तर असल्यासारखं वाटायचं.

तिच्या घरची सगळी माणसं ऊसतोडीला जाणारी. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. राणी कॉलेजात बसल्यामुळं तिचा नवरा पप्पू अर्धा कोयता झाला होता. गेल्या साली सासू, तानुबाई, त्याच्या जोडीला गेली आणि गुडघे घालवून परत आली. या साली घरात एकच बोली होती. लेखी परीक्षा राणी पास झाली होती, वार्षिक पाठ तेवढा राहिला होता. वार्षिक पाठ म्हणजे बाहेरच्या परीक्षकासमोर खऱ्या वर्गाला एक तास शिकवायचं. तो झाला की बी.एड. पुरं. जिंतूरकडच्या एका शाळेनं तिला शब्द दिला होता, कागद आणा आणि उद्यापासून या. पाठ झाला तर शाळा, नाही झाला तर पप्पूच्या जोडीला उसाच्या फडात. मुकादमाची बाकीची टोळी दिवाळी झाल्याबरोबर गेली होती. पप्पूसाठी त्यानं शेवटचा ट्रॅक्टर मागं ठेवला होता, पण तो किती थांबणार?

हे पाठ खरं तर मार्चमधले. विद्यापीठाच्या कृपेनं ते सरकत सरकत दिवाळीच्या पलीकडं आले. आणि पत्र आलं तेही कसं, तर परवा पाठ आहेत, शाळा शोधा. परभणीतली एकही शाळा रिकामी नव्हती. कुठं दुसऱ्या कॉलेजचे पाठ, कुठं स्नेहसंमेलन, कुठं तिसऱ्याच कुठल्या परीक्षेचं केंद्र. एका मुख्याध्यापकानं मला दारातच सांगितलं, “सर, आमच्या पोरांनी या महिन्यात इतके सराव पाठ ऐकलेत की त्यांना स्वतःचे गुरुजी ओळखू येईनात.”

शेवटी राणीच्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेला फोन लावला. तिथले सिताराम गुरुजी फार मोकळा माणूस. “या की सर, कवाबी या. पाचवीचा वर्ग मोकळाच हाय.”

“मोकळा म्हणजे? पोरं आहेत ना?”

“हायेत की. चाळीस हायेत पटावर.”

मी या जिल्ह्यात जन्मलो, वाढलो. दिवाळीनंतर पटावरची पोरं कुठं असतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. राणीनं तरीही सांगितलं. “सर, गाव रिकामं झालंय. आईबापासंगं लेकरं बी गेलीत कारखान्याला. म्हातारी मान्सं तेवढी हायेत.” पण विद्यापीठाचं पत्र हातात असलं की माणसाला वेगळंच बळ चढतं. मी म्हटलं, “असतील गं काहीतरी. अगदीच कसं कुणी नसेल?”

आमच्या शेजारी आप्पाराव राहतात. एसटीत कंट्रोलर होते, आता आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या आयुष्याची वाहतूक नियंत्रित करतात. त्यांनी गेटवरूनच सल्ला दिला. “प्राध्यापकसाहेब, निष्कर्ष आधी लिवून घ्या. मग ज्याला जे इचारायचं ते इचारत बसा. मान्सं काय, दर अर्ध्या तासाला मत बदलतेत.” मी त्यांना संशोधनाची नीतिमूल्यं समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, “मग, कोनतं लिवलं?”

बायको आतून म्हणाली, “तुमच्या वर्गात एक बाई येती, आन् तुमी पन्नास जनांची मतं गोळा करायला निघालेत. तिचंच इचारा की, काय पाहिजे तिला.” संशोधनात असं चालत नाही, हे बायकांना कोण सांगणार.

पाठाच्या दिवशी मात्र सगळे आले. वर्षातून एकदा येणारा हा योग. दोन जीप भरून माणसं उतरली आणि एकमेकांकडं बघत उभी राहिली. दोन वर्षं एका वर्गात शिकलेले हे लोक एकमेकांची नावं विचारत होते. एकानं तर मलाच विचारलं, “तुमी कोनत्या बॅचचे?” मी त्याला माझं नाव सांगितलं. “आसं का! तुमचं नाव ऐकून हाय,” तो म्हणाला. माझं काळीज किती मोठं असेल याचा विचार करा, मी त्याला नापास करण्याचा विचार जागच्या जागी सोडून दिला.

माझ्या शोधनिबंधाला ही सोन्यासारखी वेळ होती. परीक्षकांचा चहा होईपर्यंत मी प्रत्येकाला गाठून विचारलं. गोपाळ म्हणून ताडकळसचा एक, खताबियाण्याचं दुकान चालवणारा, झुबकेदार मिशांचा गडी. तो म्हणाला, “समोरासमोरच भारी, सर. लेकरांच्या डोळ्यात बघून शिकवता येतंय.”

“मग तुम्ही वर्गात का येत नाही?”

“दुकान कोन बघन?”

निकिता मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. तिलाही समोरासमोरच आवडत होतं, मोबाइलवर डोळे दुखतात म्हणे. ज्याला विचारावं त्याला समोरासमोरच पाहिजे होतं. इतकी एकमुखी मतं मी निवडणुकीतसुद्धा पाहिली नाहीत. राणी सगळ्यात शेवटी सापडली. ती सकाळपासून गावात दारोदार हिंडत होती. तिला विचारलं तर म्हणाली, “सर, मला दोनी चालतंय. लेकरं भेटली म्हंजे झालं.” माझ्या तक्त्यात ‘दोन्ही’ असा रकाना नव्हता. मी ते उत्तर सोडून दिलं.

दारोदार हिंडून तिनं तीन पोरं आणली होती. आजीपाशी राहिलेली एक अपेक्षा नावाची पोरगी, तिचा धाकटा भाऊ आणि पाय मोडला म्हणून मागं राहिलेला एक. पाचवीच्या वर्गात एवढीच पाचवी, आणि त्यातला भाऊ तर दुसरीतला.

परीक्षक साहेबांनी दारातून डोकावून बघितलं. “विद्यार्थी?”

“पटावर आहेत, सर,” आमचे प्राचार्य म्हणाले.

“पटाला पाठ द्यायचा का?”

नियम सरळ होता. वर्गात किमान वीस विद्यार्थी पाहिजेत, आणि मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून वर्गाचा फोटो विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचा. प्राचार्यांनी परीक्षकांना बाजूला घेतलं. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण परत आले तेव्हा दोघांच्याही चेहऱ्यावर शास्त्रीय भाव होते. प्राचार्य मला म्हणाले, “लोहट, सूक्ष्म अध्यापनात आपण काय करतो? छात्राध्यापकच विद्यार्थी होतात की नाही? मान्यताप्राप्त पद्धती आहे. बसवा त्यांना.”

पद्धत खरंच तशी आहे. कॉलेजात एक छात्राध्यापक पाच मिनिटं शिकवतो आणि बाकीचे खोटे विद्यार्थी होऊन ‘हो सर, हो सर’ करतात. फक्त ती कॉलेजातली गंमत आहे, परीक्षा नव्हे. हे मी बोलायला पाहिजे होतं. मी तोंड उघडलंही, पण परीक्षक म्हणाले की त्यांना साखर आहे, एकच्या आत जेवावं लागतं. साखरेच्या माणसासमोर तत्त्व काय काढायचं? मी सतरंजी अंथरायला घेतली.

मग ती पाचवी भरली. पुढं तीन खरी लेकरं, मागं सतरंजीवर मांडी घालून ताडकळसचे खतव्यापारी, झरीचे एक सोसायटीचे संचालक, निकिता आणि तिचं तान्हं. कुणाचे गुडघे वर, कुणाचं पोट पुढं. फोटो काढायचं काम माझ्याकडं आलं. “मिशा खाली!” मी ओरडलो. गोपाळनं तोंडासमोर बालभारतीचं पुस्तक धरलं. तेवढ्यात त्याला दुकानातून फोन आला, तो पुस्तकामागून युरियाचा भाव सांगू लागला, आणि मी बटण दाबलं.

राणीनं पाठ सुरू केला. विषय अपूर्णांक. तिनं घरून भाकरी आणली होती. ती मोडून अर्धी, मग पाव, असं दाखवणार होती. पण प्रश्न तोंडातून बाहेर पडायच्या आतच मागची पाचवी एका सुरात ओरडायची, “एक छेद चार, बाई!” पुढची तीन लेकरं दचकून मागं बघायची. राणीनं दोनदा थांबून बघितलं. मग तिनं मागच्या रांगांकडं बघणंच सोडलं आणि सरळ खाली, त्या तिघांसमोर जाऊन बसली. अपेक्षा म्हणाली, “बाई, चौघात पाव पाव वाटली, मग पाचवं आलं तर?” राणीनं दुसरी भाकरी काढली. “आता तूच मोड बरं.” ती पोरगी मोडत राहिली, मोजत राहिली, चुकली, परत जोडून बघितली. मागं कुणी ओरडेना. गोपाळनं फोन कापला. परीक्षकांचा एक वाजून गेला होता, तरी ते उठले नाहीत. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी वर्ग भरलेला बघितला तो त्या दिवशी, आणि त्यात लेकरं तीनच होती.

पाठ उत्तम, असा शेरा मिळाला. तानुबाई शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती, तिनं माझ्यासमोर हात जोडले. मी घरी येऊन गोड खाल्लं.

फोटो बघायला विद्यापीठात माणूस असतो, हे मला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं फोटो यंत्र बघतं. तर तो माणूस होता आणि त्यानं आमची पाचवी निरखून बघितली. इयत्ता पाचवीच्या विद्यार्थिनीच्या मांडीवर तान्हं मूल का आहे, अशी लेखी विचारणा आली. दुसऱ्या परिच्छेदात मिशांचा उल्लेख होता. त्या दिवशीचे सगळे पाठ रद्द. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “लोहट, तुम्हाला साधा फोटो काढता येत नाही?”

पत्राच्या शेवटी दया होती. विशेष बाब म्हणून छात्राध्यापकांनी ऑनलाइन पाठ द्यावा, समोर वीस विद्यार्थी दिसावेत, लोकेशन चालू ठेवून काढलेला व्हिडिओ पंधरा दिवसांत पोर्टलवर चढवावा. आमच्या लोकांनी दोन दिवसांत व्हिडिओ पाठवले. गोपाळनं पुतणे-भाचे आणि गिऱ्हाइकांची पोरं गोळा करून दुकानात पोत्यांवर बसवली. निकितानं अपार्टमेंटच्या गच्चीवर वाढदिवसाला आलेली मुलं धरली. कधीही वर्गात न आलेले सगळे घरबसल्या मास्तर झाले. राहिली ती रोज येणारी.

कारण पाठ रद्द झाल्याचं कळलं त्याच दिवशी मुकादमाचा ट्रॅक्टर निघाला. राणी त्यात पप्पूच्या शेजारी बसून गेली. मी फोन केला तेव्हा मागं ट्रॅक्टरचा आवाज होता आणि ती नुसतीच ‘व्हय सर, व्हय सर’ म्हणत होती. मला जेवण गेलं नाही.

चारेक दिवसांनी तिचा फोन आला. आवाजात जीव आलेला. “सर, हितून व्हिडिओ काढला तर चालन का? लेकरं समदी हितंच हायेत! आपल्या शाळंतली, सिताराम गुरुजीची. सगळी पाचवी हाय बघा कोप्यावर.” कोप्या म्हणजे तोडकऱ्यांची पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची, खोपटं. कर्नाटकाच्या हद्दीवर कुठंतरी त्यांचा तळ पडला होता.

“चालेल की!” मी म्हणालो. पत्र पुन्हा उघडून बघावं असं मला सुचलंसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला की मी आप्पारावांना हाक मारून सांगितलं. ते म्हणाले, “बघा, मी म्हनलो नव्हतो!” त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं.

तिनं मुकादमाच्या हातापाया पडून दुपारची वेळ मागून घेतली. पप्पूनं व्हिडिओ काढला. रेंज नव्हती म्हणून तो तुकड्या-तुकड्यानं आला, आणि मी आणि बायकोनं तो जेवायच्या टेबलावर बघितला. तोडलेल्या फडात चाळीसेक लेकरं मातीत बसलेली. केसात पाचट, कडेवर लहान भावंडं. राणीच्या हातात ऊस. तिनं तो कोयत्यानं मधोमध तोडला आणि वर धरला. “अर्धा,” पोरं म्हणाली. मग पाव केला, मग त्याचा अर्धा. एक पोरगं म्हणालं, “बाई, पाचट सोलून मोजायचं का पाचटासकट?” ती हसली. शेवटी तिनं सगळे तुकडे पोरांना वाटून टाकले, आणि प्रत्येकाला आपल्या वाट्याला कितवा हिस्सा आला ते सांगितल्याशिवाय खाऊ दिला नाही. माझी बायको डोळे पुसत होती. मीही पुसले, चष्म्याचं निमित्त करून.

मी तो व्हिडिओ पोर्टलवर चढवला. पोर्टल थोडा वेळ गोल गोल फिरलं आणि लाल अक्षरात म्हणालं: ‘स्थान ग्राह्य नाही’.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः विद्यापीठात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं पत्रातली बारीक अक्षरातली ओळ दाखवली. पाठ विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातच झाला पाहिजे.

“अहो, ही पोरं आपल्याच जिल्ह्यातली आहेत. पटावर आहेत!”

“पट आमच्याकडं आहे सर. पोरं कुठं हायेत?”

“बाई आपलीच छात्राध्यापिका आहे.”

“ती कुठं हाय?”

“मग हा ऑनलाइन पाठ कसला? ऑनलाइन म्हणजे कुठूनही.”

“कुठूनही, सर. पन कार्यक्षेत्रातून.”

मी आवाज चढवला. तिथं कुणी दचकलं नाही, उलट एकानं पंखा वाढवला. “अर्ज करा, योग्य मार्गे,” एवढं आश्वासन घेऊन मी परत आलो.

त्या संध्याकाळी गोपाळ भेटला. म्हणाला, “सर, कामून एवढे बेजार व्हायलेत? लोकेशन परभनीचं करून देतो, मोबाइलात ॲप हाय. दोन मिन्टाचं काम.”

आणि इथं माझी तत्त्वं जागी झाली. इतके दिवस कुठं होती कोण जाणे. “गोपाळ,” मी म्हणालो, “मी शिक्षक आहे. खोटेपणा करणार नाही.” तो गेला. मला छाती फुगल्यासारखं वाटलं. मी रीतसर अर्ज लिहायला बसलो. विषय, संदर्भ, महोदय, सगळं. मजमून इतका सुरेख जमला की मी तो दोनदा मोठ्यानं वाचला. प्राचार्यांमार्फत पाठवायचा म्हणून त्यांच्याकडं गेलो, तर ते पुण्याला. परत आले तर त्यांना वाक्यरचना खटकली. सही झाली तर जावक क्रमांक देणारा रजेवर.

बायको सगळं बघत होती. शेवटी तिचा बांध फुटला. “मिशावाली पाचवी चालली तुमाला. तवा कुठं गेलतं तुमचं खरं? आन् ती लेकरं, ती बाई, तो ऊस, समदं खरं हाय, तर तिथं तुमाला खोटं बोलायचं जिवावर आलं! सोताची इज्जत सांभाळायलेत तुमी, दुसरं काई न्हाई.”

मी तसाच स्कूटर काढून ताडकळसला गेलो. गोपाळनं गिऱ्हाईक बाजूला ठेवून दुकानातच लोकेशन बदललं. खरंच दोन मिनिटं लागली. मग पोर्टल उघडलं. मुदत आदल्या दिवशी संपली होती. गोपाळनं चहा मागवला. मी पोत्यावर बसलो आणि त्या मिशीवाल्या माणसासमोर मला रडू आलं.

चर्चासत्र झालं. मी निबंध वाचला. निष्कर्ष: छात्राध्यापकांचा कल निर्विवादपणे समोरासमोरच्या शिक्षणाकडे आहे. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले की लोहटसरांनी अगदी तळागाळात जाऊन काम केलेलं दिसतं. शाल घातली, नारळ दिला. मी तो नारळ घेऊन घरी आलो आणि कपडेही न बदलता बसून राहिलो.

तेवढ्यात राणीचा फोन. “सर, झाला का वो जमा माझा पाठ?”

अर्ज, सही, रजा यातलं काहीतरी सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. “नाही झाला,” मी म्हणालो. “मुदत संपली. माझ्यामुळं संपली, राणी. मी वेळ घालवला.”

ती म्हणाली, “आसू द्या सर. तुमी लय पळालेत माझ्यासाठी.” हे ऐकण्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पोरांना शिकवतेस का गं तिथं?”

“एक-दोनदा भरवली शाळा. आता सांजंला हात उचलत न्हाई सर. आन् जरा मोठी लेकरं मोळ्या उचलू लागलीत, ती बी दमून निजतेत. अपेक्षा बी आलीय हिकडं, आजी वारली तिची.” मग तिनं विचारलं, “फुडच्या साली पाठ कवा हायेत?”

“विद्यापीठ ठरवेल.”

“त्यायला सांगा की सर, उन्हाळ्यात ठेवा म्हनावं. वैशाखात आमी समदे गावात असतो. लेकरं बी असतेत, पुरी चाळीस.”

“उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असते, राणी.”

“व्हय की,” ती म्हणाली. “ते ध्यानातच न्हाई आलं.”

मागं कुणीतरी तिला हाक मारली. “ठेवते सर,” ती म्हणाली. “गाडी भरायचीय.”